आधी आवाज, मग खाऊ

पहिले अकरा दिवस भुरी दिवाणाखालून बाहेर आलीच नाही. रात्री घर झोपलं की वाटीतला दहीभात संपायचा. सकाळी वाटी चाटूनपुसून लख्ख दिसायची, एवढीच तिची खूण. काळभैरवाच्या देवळाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला ही कुत्री आम्हाला सापडली, तेव्हा वर्षभराची असेल. डॉक्टरांनी तपासून रेबीजची लस टोचली आणि आम्ही तिला घरी आणली.

उज्जैनमध्ये कुत्र्याला हाडहूड करताना माणूस जरा कचरतो. कुत्रा हे भैरवाचं वाहन. देवळात मद्याचा नैवेद्य दाखवायचा आणि बाहेर आलं की कुत्र्याला बिस्किटं घालायची, हा इथला शिरस्ता. दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये इथून राजधानी ग्वाल्हेरला हलवली, पण बरीच मराठी घरं इथंच राहिली आणि भैरवाचा कुत्राही त्यांनी आपला मानला. तरीही याच रस्त्यावर कुत्र्याला दगडही बसतो. भुरीच्या मागच्या पायावर जुना व्रण होता. एकदा चपलेचा पट्टा लावायला मी तिच्यासमोर वाकले, तर ती पोटावर सपाट झाली आणि तिथंच तिला लघवी झाली. आपल्याकडच्या रस्त्यावरच्या कुत्र्याला वाकणाऱ्या माणसाचा एकच अर्थ ठाऊक असतो: हा आता दगड उचलणार.

शेजारच्या आजी म्हणाल्या, “अगं, लाड करतेस म्हणून ती अशी भितरी झालीय. कान धरून एकदा बाहेर काढ. दोन दिवस उपाशी ठेव, बघ कशी पायाशी येते.” आजींच्या मनात वाईट काही नव्हतं. त्यांच्या माहेरी कुत्री अशीच ‘सुधारली’ होती. पण मार खाऊन गप्प झालेल्या कुत्र्याची भीती गेलेली नसते. तिला फक्त आवाज उरलेला नसतो. अशी कुत्री गुरगुरत नाही, थेट चावते. अमेरिकेतल्या प्राणिवर्तनतज्ज्ञ पशुवैद्यांच्या संघटनेने २०२१ मध्ये स्पष्ट भूमिका घेतली की प्रशिक्षण बक्षीस देऊनच करावं. मार, झटका देणारे पट्टे, दटावणी यांना त्यात जागा नाही.

कुत्र्याला मारू नये, ही गोष्ट आपल्याकडे फार जुनी आहे. महाभारताच्या आदिपर्वात जनमेजय राजाचे भाऊ सरमा नावाच्या कुत्रीच्या पिल्लाला विनाकारण बडवतात. पिल्लू आईपाशी रडत जातं. सरमा भर यज्ञात येऊन विचारते, की याने हविर्द्रव्याकडे पाहिलंसुद्धा नाही, मग मारलंत का? कुणाकडेच उत्तर नसतं. तेव्हा ती राजाला शाप देते, की न दिसणारं भय तुझ्यावर येईल. शाप म्हणून तिने नेमकी भीतीच निवडली, हे भुरी घरात आल्यावर मला नव्याने लक्षात आलं.

भीती म्हणजे हट्ट नव्हे. घाबरलेल्या शरीराला पळायचं किंवा झुंजायचं असतं, त्या घटकेला अन्नाची वासना राहत नाही. म्हणून खाऊ हे बक्षीस तर आहेच, पण मोजमापही आहे. उकडलेल्या अंड्याचा तुकडा समोर असून कुत्री तोंड फिरवत असेल, तर आपण फार जवळ आलो. ट्रेनर मंडळी याला थ्रेशोल्ड म्हणतात. आपला उंबरठा हा शब्दही त्याला चपखल बसतो. उंबरठ्याच्या अलीकडे कुत्री शिकते, पलीकडे फक्त जीव वाचवते. ओठ चाटणं, भूक-झोप काही नसताना जांभई, मागे गेलेले कान, डोळ्यांच्या कडेचा पांढरा भाग ही उंबरठा जवळ आल्याची चिन्हं. शेपटी पोटाखाली गेली की आपल्याला उशीर झालेला असतो.

माझी मोठी चूक क्रमाची झाली. पोळीचा तुकडा दाखवून मी भुरीला बाहेर काढायची आणि खाता खाता साखळीचा हूक अडकवायची. तिसऱ्या दिवसापासून पोळी दिसली की ती पळू लागली. पोळी म्हणजे संकटाची वर्दी, हे तिने बरोबर ओळखलं होतं. पाव्हलॉव्हच्या कुत्र्यांनी शिकवलं ते हेच: जे आधी येतं ते पुढच्याची खबर देतं. म्हणून भीतीची वस्तू आधी, खाऊ लगेच मागोमाग. मी साखळी दहा फुटांवर ठेवायची, ती भुरीने पाहिली की अंड्याचा तुकडा टाकायची. साखळी पदराआड, की खाऊ बंद. पुढे नऊ फूट, मग आठ. एखाद्या दिवशी उलट बारा. साखळी गळ्यापर्यंत यायला पाच आठवडे लागले.

खाऊच्या सोबतीने भीती हळूहळू जवळ आणायची ही युक्ती आधी माणसाच्या पोरावर सिद्ध झाली आहे. मेरी कव्हर जोन्स या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९२४ मध्ये पीटर नावाच्या, तीन वर्षांच्या आतल्या मुलाची सशाची भीती घालवली. तो आवडीचं खात असताना पिंजरा दूर ठेवायचा आणि हळूहळू जवळ आणायचा. शेवटी पीटर सशाला कुरवाळू लागला.

खाऊच सगळं करतो असंही नाही. कोलकात्याच्या आयसर संस्थेतल्या संशोधकांनी रस्त्यावरच्या कुत्र्यांचा अभ्यास करून २०१७ मध्ये दाखवलं, की अनोळखी माणसावर विश्वास बसायला पुन्हा पुन्हा मिळालेला मायेचा स्पर्श खाण्यापेक्षा जास्त उपयोगी पडतो. मात्र हात डोक्यावरून येऊ नये. जमिनीवर तिच्याकडे बाजू करून बसून छातीच्या बाजूला तीन सेकंद खाजवायचं आणि थांबायचं. ती पुढे सरकली तरच पुन्हा. भुरीने पहिल्यांदा स्वतःहून माझ्या तळव्यात हनुवटी टेकवली, त्या संध्याकाळी मी स्वयंपाकाला उशीर होऊ दिला.

दिवाळीचं दुखणं वेगळं, कारण फटाका दहा फुटांवर ठेवता येत नाही. माणसाला २० हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, कुत्र्याला सुमारे ४५ हजारांपर्यंत. तयारी नवरात्रापासूनच करावी. फोनवर फटाक्यांचा आवाज अगदी बारीक लावायचा, तो ऐकून तिने कान टवकारले की खाऊ. प्रत्यक्ष दिवाळीत दिवस मावळायच्या आत फिरवून आणायचं, आतल्या खोलीचे पडदे ओढायचे, पंखा मोठा करायचा. ती कुशीत शिरली तर शिरू द्यावी. जवळ घेतल्याने भीती वाढते, हा गैरसमज आहे. फार थरथरत असेल, तर पशुवैद्याला आधीच भेटावं. नुसतं गुंगीचं औषध अंग सैल करतं, भीती आत तशीच राहते, म्हणून मेडिकलमधून मनाने काही आणू नये. आणि फराळाचा लाडू देऊ नये. त्यातले बेदाणे कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी करू शकतात.

भैरवाष्टमीच्या सुमारास काळभैरवाची सवारी निघते. गेल्या वर्षी ढोल वाजू लागले तेव्हा भुरी आणि मी मिरवणुकीपासून बऱ्याच लांब, एका बंद दुकानाच्या ओट्यापाशी होतो. साखळी सैल, खिशात अंडं. पहिल्या थापेला तिचे कान मागे गेले. मी तुकडा दिला, तिने खाल्ला. पालखी वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत ढोल पडत राहिला आणि प्रत्येक थापेला भुरी मान वळवून माझ्या हाताकडे बघत राहिली.