जग जिंकणाऱ्या रोमच्या शेतकऱ्याला काय मिळाले?

रोमचे नाव निघाले की सेनापती, विजयकमानी आणि मिरवणुका डोळ्यांसमोर येतात. एका शहराने अडीचशे वर्षांच्या आत भूमध्य समुद्राचा जवळजवळ सगळा किनारा ताब्यात घेतला आणि त्या समुद्राला 'आमचा समुद्र' म्हटले, याचे कौतुक पाठ्यपुस्तकांपासून सिनेमापर्यंत सर्वत्र होते. आम्ही वकिली करणारी माणसे. दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय निकाल नाही, ही आमची शिस्त. म्हणून आमचा प्रश्न साधा आहे. हे विजय कोणाच्या रक्ताने मिळाले आणि लूट कोणाच्या घरात गेली?

रोमची फौज मुळात लहान शेतकऱ्यांची होती. थोडीफार मालमत्ता असलेल्यानेच शस्त्र उचलावे, असा दंडक होता. लढाया इटलीतच होत्या तोवर सैनिक पेरणी-कापणी सांभाळू शके. इ.स.पू. २६४ मध्ये कार्थेजशी युद्ध जुंपले आणि ते २३ वर्षे चालले. पुढे हॅनिबलशी युद्ध, मग स्पेन, मॅसेडोनिया, ग्रीस. इ.स.पू. १४६ या एकाच वर्षी रोमने कार्थेज आणि कोरिंथ ही दोन्ही शहरे उद्ध्वस्त केली. इकडे वर्षानुवर्षे घराबाहेर राहिलेल्या सैनिकाचे शेत पडीक पडत होते, कर्जात बुडत होते आणि शेजारच्या धनिकाच्या घशात जात होते.

त्या शेतावर राबायला माणसे कुठून आली? तीही युद्धातूनच. इ.स.पू. १६७ मध्ये एपिरस प्रांतातील ७० गावे लुटून दीड लाख माणसे गुलाम म्हणून विकली गेली, असे प्राचीन इतिहासकार नोंदवतात. गुलामाला फौजेत नेता येत नसे, म्हणून धनिकाला तो स्वतंत्र मजुरापेक्षा परवडे. याच वर्षी रोमन नागरिकांवरील युद्धकर थांबला, हे खरे. पण ज्याची जमीनच गेली, त्याला करमाफीचा काय उपयोग?

कायद्याची भाषा किती निर्लज्ज असू शकते तेही पाहा. सहाव्या शतकातील जस्टिनियनच्या कायदेग्रंथात गुलाम या अर्थाच्या लॅटिन शब्दाची व्युत्पत्ती दिली आहे. सेनापती कैद्यांना ठार न मारता वाचवतात, म्हणून ते 'वाचवलेले'. माणसाला बाजारात उभे करायचे आणि वर त्याच्यावर उपकार केल्याचे सांगायचे!

मग कायदा नव्हता का? होता. परंपरेने इ.स.पू. ३६७ चे मानले जाणारे कायदे सार्वजनिक जमिनीवर कमाल मर्यादा घालतात. ५०० युगेरा, म्हणजे सुमारे ३०० एकर. दोनपैकी एक कॉन्सल सामान्य प्लेबियन वर्गातला असावा, हेही त्याच कायद्यांनी ठरवले. बाबासाहेबांनी १९३६ च्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये याच प्लेबियन कॉन्सलचे उदाहरण दिले आहे. पद मिळाले, पण देवतेच्या कौलाची किल्ली वरच्या वर्गाच्या हाती राहिली. जमिनीचेही तेच झाले. कायदा पाटीवर राहिला आणि जमीन धनदांडग्यांकडे.

इ.स.पू. १३३ मध्ये टायबेरियस ग्रॅकस हा ट्रिब्यून, म्हणजे सामान्य जनांचा प्रतिनिधी, उभा राहिला. त्याची मागणी क्रांतीची नव्हती. जुनी मर्यादा पाळा आणि जादा जमीन भूमिहीनांना वाटा, एवढेच तो म्हणत होता. त्याचा कायदा मंजूर झाला. पण त्याच वर्षी सिनेटर मंडळींनी त्याला दांडक्यांनी ठेचून मारले. त्यांच्या पुढे होता मुख्य धर्माधिकारी स्किपिओ नासिका. टायबेरियसचे सुमारे ३०० साथीदार मारले गेले, प्रेते टायबर नदीत फेकली गेली. धाकटा भाऊ गायस याने तेच काम पुढे नेले. इ.स.पू. १२१ मध्ये त्याचाही अंत झाला.

गुलामांनीही मान तुकवली नाही. इ.स.पू. १३५ मध्ये सिसिलीत युनसने बंड केले. इ.स.पू. ७३ मध्ये स्पार्टाकस उठला. दोन वर्षांनी कापुआ ते रोम या रस्त्यावर त्याच्या ६,००० सैनिकांना क्रूसावर चढवले गेले.

शेतकऱ्याला न्याय नाकारणाऱ्या सिनेटलाही याची किंमत मोजावी लागली. इ.स.पू. १०७ मध्ये मारियसने भूमिहीनांना फौजेत घेतले. ज्याला राज्याने जमीन दिली नाही, तो सैनिक जमीन देऊ शकणाऱ्या सेनापतीचा झाला. अशीच फौज घेऊन इ.स.पू. ४९ मध्ये सीझर रोमवर चालून आला. इ.स.पू. ३० मध्ये इजिप्त जिंकून समुद्राभोवतीचे कडे पूर्ण झाले, तेव्हा रोमचे प्रजासत्ताक नावापुरते उरले होते.

म्हणून आमचे वाचकांना सांगणे आहे. कोणत्याही साम्राज्याची विजयकमान दिसली, तर तिची उंची मोजत बसू नका. ती बांधणाऱ्याच्या नावावर किती जमीन उरली, ते आधी तपासा. आणि कायदा झाला म्हणून घरी जाऊन झोपू नका. टायबेरियसचा कायदा मंजूर झाला होता. तो मंजूर झाल्यावरच त्याला मारले.