पारादीपसमोरचं पाणी आणि अकोटची पऱ्हाटी

वऱ्हाडातल्या अकोटहून सरळ पश्चिमेला निघालं तर अरबी समुद्र सुमारे साडेचारशे किलोमीटरवर. पूर्वेला निघालं तर ओडिशाचा किनारा हजार किलोमीटरवर. उत्तरेला सातपुडा, डोंगरावर नरनाळा, पायथ्याला संत्र्याच्या बागा आणि कपाशीची काळी रानं. अशा गावाला समुद्राच्या हवामानाशी काय घेणंदेणं? पण जुलै-ऑगस्टमध्ये इथं झड लागणार की उघाड पडणार, याचा निकाल पुष्कळदा ओडिशातल्या पारादीपसमोरच्या पाण्यावर आधी लागतो आणि दोन-चार दिवसांनी आपल्या आभाळात येऊन पोहोचतो. वायव्य बंगालच्या उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र तयार होतंय, समुद्र खवळलेला राहील, असा इशारा ओडिशाच्या मच्छीमारांसाठी निघतो, तेव्हा तो अकोटच्या शेतकऱ्यानंही वाचावा, असं मला मनापासून वाटतं.

ही क्षेत्रं पावसाळ्याच्या चार महिन्यांत सरासरी डझनभर तरी तयार होतात. उपसागराच्या उत्तर टोकाला जन्मतात, ओडिशावरून किंवा बंगालवरून जमिनीवर चढतात आणि वायव्येच्या वाटेनं छत्तीसगड, मध्य प्रदेश असा प्रवास करतात. आणि गंमत अशी, की सगळ्यात जोराचा पाऊस यांच्या मधोमध पडत नाही. तो पडतो मार्गाच्या नैर्ऋत्येला. क्षेत्राभोवतीचे वारे घड्याळाच्या उलट दिशेनं फिरतात. दक्षिणेच्या अंगाला ते मोसमी वाऱ्यांच्याच दिशेनं वाहू लागतात, दोन्हींचा जोर एक होतो आणि अरबी समुद्राकडची वाफही आत ओढली जाते. म्हणून क्षेत्र जबलपूर-भोपाळच्या वाटेनं निघालेलं असतं आणि धो-धो कोसळतं वऱ्हाडात.

पण ही क्षेत्रं उपसागरातच इतकी का जन्मतात? अरबी समुद्रही त्याच अक्षांशावर, त्याच सूर्याखाली आहे. या प्रश्नाचं उत्तर मला या सगळ्या विषयातलं सर्वांत विलक्षण वाटतं. गोव्यात दोना पावल इथं राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. तिथल्या शेणॉय, शंकर आणि शेट्ये या तिघा शास्त्रज्ञांनी २००२ साली दोन्ही समुद्रांच्या उष्णतेचा जमाखर्च मांडला. उंच ढग उभे राहायला समुद्राचा पृष्ठभाग साधारण २८ अंश सेल्सिअसच्या वर असावा लागतो. अरबी समुद्रावर मोसमी वारे फार जोरात वाहतात. ते वरचं पाणी घुसळतात, सोमालियाच्या किनाऱ्याशी खोलातलं थंड पाणी वर आणतात, आणि ऐन पावसाळ्यात त्या समुद्राचा मोठा भाग थंडावतो. उपसागर मात्र पावसाळाभर २८ अंशांच्या वरच राहतो.

कारण त्याच्यावर गोड्या पाण्याचा थर असतो. गंगा, ब्रह्मपुत्रा, महानदी, गोदावरी, इरावती या नद्या आणि वरून पडणारा धुवाधार पाऊस, हे सगळं गोडं पाणी खाऱ्या पाण्यापेक्षा हलकं, म्हणून दुधावरच्या साईसारखं वरच राहतं. वाऱ्याला ते खालच्या थंड पाण्यात सहज मिसळता येत नाही. सूर्याची उष्णता त्या पातळ थरातच अडकते, पाणी पुन्हा तापतं, पुन्हा ढग उभे राहतात. म्हणजे पाऊस पडतो म्हणून उपसागर ऊबदार राहतो, आणि तो ऊबदार राहतो म्हणून पाऊस पडतो.

यात वऱ्हाडाचाही हात आहे. वरुड-मोर्शीकडचं पाणी वर्धा नदीला मिळतं, तिथून प्राणहिता, मग गोदावरी, आणि शेवटी पुन्हा उपसागर; तिथल्या पावसाचा वाटा पुढच्या पावसाच्या कारखान्यात परत जमा होतो. अकोटचं मात्र उलटं. नरनाळ्याच्या डोंगरातून उतरणारं पाणी पूर्णेला, पूर्णा चांगदेवजवळ तापीला, आणि तापी सुरतेपाशी अरबी समुद्राला मिळते. उपसागरानं धाडलेल्या क्षेत्राचा पाऊस अकोटच्या शिवारात पडतो आणि दुसऱ्याच समुद्राला जातो. दोन समुद्रांच्या मधला हा पाणलोट वऱ्हाडातूनच जातो, हे नकाशावर बोट फिरवून एकदा पाहावंच.

अरबी समुद्र कधी आडवाही येतो. जून २०२३ मध्ये तिथं बिपरजॉय चक्रीवादळ उठलं, १५ जूनला कच्छच्या जखाऊजवळ जमिनीवर आलं. ८ जूनला केरळात पोहोचलेला मान्सून पुढे रखडला. विदर्भात यायला जूनचा तिसरा आठवडा उलटला. मग ऑगस्ट असा कोरडा गेला, की १९०१ पासूनच्या नोंदींत देशभरात इतका कमी पावसाचा ऑगस्ट दुसरा नव्हता. सरासरीपेक्षा ३६ टक्के तूट. त्यामागे प्रशांत महासागरातला एल निनो होता, आणि विषुववृत्तावरून पूर्वेकडे सरकणारी ढगांची एक विशाल लाटही होती. ती ३० ते ६० दिवसांत पृथ्वीला फेरी घालते. ती हिंदी महासागरावर असली की आपल्याकडे क्षेत्रं बनायला बळ मिळतं. ती प्रशांतावर गेली की पऱ्हाटीची पानं दुपारी माना टाकतात. भारतीय हवामान विभाग दर गुरुवारी पुढच्या चार आठवड्यांचा अंदाज काढतो, त्यात या लाटेचा मुक्काम कुठं आहे याचा हिशेब असतो.

हे सगळं कळतं कसं? जगाच्या समुद्रांत आर्गो नावाचे सुमारे चार हजार तरंगक सोडलेले आहेत. ते हजार मीटर खोलीवर वाहत राहतात, दर दहा दिवसांनी दोन हजार मीटरपर्यंत बुडी मारतात आणि वर येताना तापमान व खारटपणा मोजत उपग्रहाला कळवतात. भारताच्या तरंगकांचं काम हैदराबादची इन्कॉइस ही संस्था पाहते. तीच मच्छीमारांना लाटांचे अंदाजही देते. नोव्हेंबर २०२२ मध्ये सोडलेला ओशनसॅट-३ उपग्रह रेडिओलहरी पाण्यावर टाकून परतलेल्या लहरींवरून पृष्ठभागाचा खडबडीतपणा ओळखतो, आणि त्यावरून वारा किती, कुठल्या दिशेचा, हे सांगतो. भरसमुद्रात, जिथं एकही माणूस नाही, तिथल्या पाण्यावरच्या शहाऱ्यावरून वाऱ्याचा वेग!

अवघड भाग उरतो तो मार्गाचा. क्षेत्र बनेल हे बरंच आधी कळू लागलंय, पण ते दोनशे किलोमीटर उत्तरेकडून गेलं तर मुसळधार पाऊस नर्मदेच्या खोऱ्यात पडतो आणि सातपुड्याच्या अलीकडे नुसतं आभाळ भरून राहतं. हा फरक नेमका कळायला शेवटचे दोन दिवस उजाडावे लागतात. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठातून मंगळवारी आणि शुक्रवारी कृषी हवामान सल्ला निघतो. खत द्यायचं की थांबायचं, फवारणी आज की झड ओसरल्यावर, हे त्यात असतं. त्याच्या जोडीला उपसागराची उपग्रहचित्रंही पाहत राहावं. क्षेत्र किनाऱ्याला लागलं की त्याची वाट रायपूरकडे वळतेय की रांचीकडे, यावर डोळा ठेवला तर सल्ल्यातला शब्द का बदलला हेही समजतं.