‘ले ऑफ’ म्हणजे नोकरी गेली काय?

चारीला पाणी सोडले म्हणजे पीक भिजले. पण धाकट्याने वाट्यावर पाणी सोडले म्हटले, की त्याने हक्क सोडला, हे आपल्या घरात पोरासोरांनाही कळते. (दान देताना हातावरून पाणी सोडतात, त्यावरून हे आले.) इंग्रजीतही असे जोडशब्द पुष्कळ. रांजणगाव एमआयडीसीच्या शेजारच्या कारेगावात तर ते कारखान्याच्या गेटातून थेट स्वयंपाकघरात येतात.

‘ले’ हेच क्रियापद घ्या. अर्थ ठेवणे, घालणे. कोंबडी अंडे घालते तेही ‘ले’च, म्हणून तर अंड्यांच्या कोंबड्यांना तुम्ही ‘लेअर’ म्हणता. ‘ले डाऊन’ म्हणजे ओझे खाली ठेवणे, तसेच नियम घालून देणे. ‘ले आऊट’ म्हणजे पसरून मांडणे. प्लॉट पाडणाऱ्यांनी तो शब्द आपल्या शिवारात आणलाच आहे!

आता ‘ले ऑफ’. शब्दशः, बाजूला ठेवणे. अमेरिकेत माणूस ‘ले ऑफ’ झाला म्हणजे बहुधा नोकरी गेलीच, आणि वर्तमानपत्रेही हल्ली तसेच लिहितात. म्हणून मुलगा असा कागद घेऊन आला की घरात रडारड होते, आणि दुसऱ्या दिवशी तो कांदा खुरपायला जातो. इथेच चुकते.

आपल्या कायद्यात हा अर्थ नाही. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात तो नव्हता, २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही नाही. वीज नाही, कच्चा माल नाही, यंत्र बिघडले, अशा कारणाने मालक तात्पुरते काम देऊ शकत नाही, तो ‘ले ऑफ’. हजेरीपटावरचे नाव कायम राहते. कायमचे कमी करण्याला शब्दच वेगळा, ‘रिट्रेंचमेंट’.

पन्नास किंवा अधिक कामगारांचा, हंगामी नसलेला कारखाना आणि सलग वर्षाची नोकरी असेल, तर त्या दिवसांचा मूळ पगार व महागाई भत्ता मिळून निम्मी भरपाई मिळते. बदली किंवा नैमित्तिक (कॅज्युअल) कामगाराला ती नाही. आणि अट अशी, की कामाच्या वेळेत रोज एकदा तरी कारखान्यात हजर व्हायचे. गेला नाही, तर भरपाईवर पाणी!

तेव्हा कागद आला की त्यावरचा शब्द नीट वाचून घ्या, आणि खुरपे हाती देण्याआधी मुलाला गेटावर धाडा.