पऱ्हाटीचं फूल आणि पहिल्या वर्षाचं पोरगं

पऱ्हाटीला फूल उमलतं तेव्हा ते पांढरट-पिवळसर असतं. दुसऱ्या दिवशी तेच गुलाबी होतं, मग सुकून झडतं आणि मागं राहतं बोटाच्या पेराहून लहान बोंड. ऑगस्ट-सप्टेंबरात अकोल्याच्या कोणत्याही बाजूला शेतात शिरलात तर एकाच झाडावर दोन्ही रंगांची फुलं दिसतील. पांढरं आजचं, गुलाबी कालचं. कापसाचे अभ्यासक या रंगबदलाचा छान उपयोग करून घेतात. आज उमललेल्या फुलांच्या देठांना तारखेची चिठ्ठी बांधायची आणि मग रोज येऊन बघायचं, चिठ्ठीवाल्यांपैकी किती टिकली आणि किती खाली पडली. वेचणीपर्यंत पोचतात ती थोडीच बोंडं. पाती म्हणजे कळ्या, फुलं आणि कोवळी बोंडं मिळून निम्म्याहून जास्त माल झाड स्वतःच टाकून देतं, आणि तेही निरोगी झाड.

झाडावर टिकून राहिलेल्या बोंडांच्या प्रमाणाला इंग्रजी संशोधनात 'बोल रिटेन्शन' म्हणतात. पहिल्या वर्षी आलेल्यांपैकी दुसऱ्या वर्षी किती परत आले, या प्रमाणाला विद्यापीठांच्या जगात 'स्टुडंट रिटेन्शन' म्हणतात. शब्द एकच. आपल्या मराठीनं तर ही सोयरीक कधीच जुळवून ठेवली आहे. पातेगळ, बोंडगळ आणि विद्यार्थ्यांची गळती. मला मात्र खरं नवल वाटतं ते पुढच्या गोष्टीचं. मोजायची रीतसुद्धा एकच आहे. चिठ्ठी बांधल्याशिवाय दोन्हीकडे काहीच कळत नाही.

का कळत नाही ते बघू. समजा, अमरावतीतल्या एका कॉलेजात बी.एससी.च्या पहिल्या वर्षाला १०० मुलं-मुली आल्या. आकडे माझे, हिशेबापुरते. दुसऱ्या वर्षी ७८ जण आले, म्हणजे टिकाव ७८ टक्के. शेवटच्या सेमिस्टरला ६० जण बसले आणि त्यातल्या ४८ जणांचे सगळे विषय सुटले. वर्तमानपत्रात बातमी येते, 'महाविद्यालयाचा निकाल ८० टक्के'. साठात अठ्ठेचाळीस, बातमी खोटी नाही. पण आलेल्या १०० पैकी वेळेत पदवी मिळवलेले ४८ टक्केच. ज्यांचे विषय राहिले होते ते आणि जे आधीच मागं पडले होते ते, अशांतले मिळून आणखी १४ जण पुढच्या दोन वर्षांत बॅक काढून मोकळे झाले, तर हाच आकडा ६२ होतो. ऐंशी, अठ्ठेचाळीस, बासष्ट. कॉलेज तेच, पोरं तीच, आणि तिन्ही आकडे खरे. फरक फक्त भागाकाराच्या रेघेखाली कोणाला बसवलं आणि किती वर्षं वाट पाहिली एवढाच आहे.

याहून फसवी एक चौथी रीतही आहे. यंदा किती प्रवेश झाले आणि यंदा किती पदव्या दिल्या, ते एकमेकांशेजारी ठेवायचं. ही माणसं वेगळी, ती वेगळी. शेतात एकाच दिवशी फुलं मोजायची, बोंडं मोजायची आणि 'इतकी फुलं बोंड झाली' असं सांगायचं, तसा हा प्रकार. देशभरच्या उच्च शिक्षणाचं जे सरकारी सर्वेक्षण दरवर्षी होतं, त्यात नोंदणी किती आणि उत्तीर्ण किती हे भरपूर सापडतं. अमुक साली शिरलेल्या पोरांचं पुढं काय झालं, हे त्यातून थेट वाचता येत नाही.

अमेरिकेत चिठ्ठी बांधायचा कायदाच १९९० मध्ये झाला, आणि त्याचं कारण मोठं मजेशीर आहे. बास्केटबॉल, फुटबॉलसाठी शिष्यवृत्ती देऊन कॉलेजं पोरं आणत. मैदान गाजवून घेत आणि पदवीविना घरी पाठवत. बिल ब्रॅडली हे एकेकाळचे नामवंत बास्केटबॉलपटू पुढं सिनेटर झाले. त्यांनी आणि आणखी काही जणांनी आग्रह धरला, की खेळाडूंपैकी किती जण पदवीधर होतात हे कॉलेजांनी जाहीर करावं. त्यातून सगळ्याच विद्यार्थ्यांचा हिशेब द्यायची पद्धत पडली. एका साली पहिल्यांदा, पूर्ण वेळ प्रवेश घेतलेल्यांचा एक गट धरायचा आणि ठरलेल्या मुदतीच्या दीडपट वेळेत त्यातले किती पार झाले ते सांगायचं. चार वर्षांच्या पदवीला सहा वर्षं. आपल्या तीन वर्षांच्या पदवीला ही फूटपट्टी लावली तर साडेचार वर्षं होतात, म्हणजे विषय राहिलेल्यांनाही थोडी सवड. आपल्याकडे राष्ट्रीय क्रमवारीत 'ठरलेल्या मुदतीत उत्तीर्ण' असा निकष असतो. तो जास्त कडक आहे.

पण ही अमेरिकी चिठ्ठीही एका जागी तोकडी पडली. पोरगं एका कॉलेजातून दुसऱ्यात गेलं आणि तिथं पदवीधर झालं, तर पहिल्याच्या यशाच्या आकड्यात ते येत नाही. बराक ओबामा १९७९ मध्ये लॉस एंजेलिसच्या ऑक्सिडेंटल कॉलेजात गेले, दोन वर्षांनी न्यूयॉर्कच्या कोलंबियात आले आणि १९८३ मध्ये पदवीधर झाले. या रीतीनं मोजलं तर पहिल्या कॉलेजाच्या पदवीधरांत त्यांची गणती नाही.

ओबामांपर्यंत कशाला जा, अमरावतीतच थांबू. पापळ गावचे पंजाबराव देशमुख पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये शिकत होते. तिथली पदवी न घेताच ते १९२० मध्ये विलायतेला गेले. एडिंबरोहून एम.ए. झाले, ऑक्सफर्डला वेदवाङ्मयातल्या धर्मावर प्रबंध लिहून डॉक्टर झाले, वर बॅरिस्टरीही केली. परत येऊन अमरावतीत श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी केली आणि पुढं दहा वर्षं देशाचे कृषिमंत्री राहिले. फर्ग्युसनच्या त्या तुकडीचा पदवी-दर कोणी काढला, तर पंजाबराव गळालेल्यांत धरावे लागतील! अकोल्याच्या ज्या कृषी विद्यापीठात कापसाचं संशोधन चालतं, त्याला नाव याच पंजाबरावांचं आहे.

आपल्या भागातली बरीचशी गळती अशीच असते, हे प्राध्यापक मंडळींना पक्कं ठाऊक आहे. बारावीनंतर पोरगं बी.एससी.ला नाव घालून ठेवतं, कारण वर्ष वाया नको. मग नीटची, सीईटीची एकेक फेरी लागते. कोणाला बीएएमएस मिळतं, कोणाला इंजिनिअरिंग, कोणाला कृषी, आणि आठवड्याभरात टीसीसाठी खिडकीसमोर रांग लागते. कोणी पोलिस भरतीत निघतं. कॉलेजच्या वहीत हे सगळे एकाच रकान्यात पडतात. जिचं लग्न ठरलं म्हणून नाव कटलं ती मुलगी, आणि बापानं अर्धा एकर गहाण टाकूनही फी जमली नाही तो मुलगा, हेही त्याच रकान्यात. शेतकरी असा घोळ कधीच करत नाही. झाडाला पेलत नाही म्हणून गळलेली पाती कोणती आणि बोंडअळीनं पोखरलेली कोणती, हे तो खाली वाकून, हातात घेऊन बघतो.

झाड टाकतं तरी कसं? सलग ढगाळ हवा राहिली, मुळाशी पाणी साचलं, पानांनी बनवलेलं अन्न सगळ्यांना पुरेनासं झालं, की देठाच्या बुडाशी पेशींचा एक पातळ थर सुटा होत जातो आणि एका झुळकीसरशी बोंड खाली येतं. नेमकं कधी, तर फूल उमलल्यानंतरच्या पहिल्या दहा दिवसांत सर्वाधिक. दोन आठवडे तग धरलेलं बोंड सहसा या कारणानं गळत नाही. विद्यापीठांच्या आकड्यांतही हेच उमटतं. सर्वांत मोठी गळ पहिल्या वर्षात असते, म्हणून जगभर पहिल्या वर्षाचा टिकाव वेगळा मोजतात. मला हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी दोन्ही आलेख शेजारी ठेवून बराच वेळ नुसता बघत बसलो होतो.

पोरं का जातात यावर १९७५ मध्ये व्हिन्सेंट टिंटो या अमेरिकी अभ्यासकानं एक मांडणी केली. तिचं मूळ चक्क एमिल दुर्खीमच्या आत्महत्येवरच्या अभ्यासात होतं. समाजाशी धागा तुटला की माणूस तुटतो, तसं कॉलेजाशी धागा जुळला नाही की विद्यार्थी निघून जातो. पटण्याजोगं आहे, पण हे वसतिगृहात राहणाऱ्यांपुरतं. पुढं १९८५ मध्ये बीन आणि मेट्झनर यांनी घरून ये-जा करणाऱ्या, काम करत शिकणाऱ्यांकडे पाहिलं आणि म्हटलं, यांचं टिकणं कॉलेजाच्या आतल्यापेक्षा बाहेरच्या गोष्टींवर ठरतं. पैसा, घर, नोकरी. आपल्याकडे अशांना 'अपडाऊनवाले' म्हणतात. सकाळची एसटी चुकली की पहिले दोन तास गेले आणि संध्याकाळची चुकली की मुलीच्या घरी रामायण. विद्यापीठाची हिवाळी परीक्षा आणि कापसाची वेचणी एकाच हंगामात येतात. धारणी तर अमरावतीहून दीडशे किलोमीटरच्या घरात, मध्ये मेळघाटाचा घाट.

पंजाबरावांना हे सिद्धांतावाचून कळलं होतं. त्यांनी अमरावतीत जातिभेद न पाळणारं श्रद्धानंद छात्रालय काढलं. खेड्यातल्या पोराला शाळा मिळाली तरी राहायला खोली नसेल तर ते टिकणार नाही, इतका सरळ हिशेब. आज राज्य सरकारच्या वसतिगृह निर्वाह भत्त्याच्या योजनेला त्यांचंच नाव आहे. आणि १ मे १९८३ रोजी वऱ्हाडच्या पट्ट्यासाठी नागपूरपासून वेगळं निघालेलं अमरावती विद्यापीठ गाडगेबाबांच्या नावानं ओळखलं जातं. स्वतः कधी शाळेत न बसलेला हा माणूस कीर्तनात लोकांना पोरं शिकवा म्हणून बजावत असे.

गळ थांबवायला नेहमी मोठा उपायच लागतो असंही नाही. अटलांटाच्या जॉर्जिया स्टेट विद्यापीठाला दिसलं, की शेवटाजवळ पोचलेली पोरं थोडक्या थकबाकीपायी नाव कापलं जाऊन जातात. २०११ पासून विद्यापीठानंच तेवढे पैसे भरायला सुरुवात केली. अर्जही मागायचा नाही, थकबाकीची यादी बघायची आणि रक्कम जमा करायची. आपल्याकडे परीक्षा फॉर्मच्या शेवटच्या तारखेला खिडकीशी घुटमळणारं पोर ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

आता नव्या धोरणात एक जाडजूड चिठ्ठी आली आहे. १२ अंकी 'अपार' क्रमांक आणि त्याला जोडलेली क्रेडिट बँक. पोरगं कॉलेज बदलो, वर्षभर थांबो, कमावलेली क्रेडिटं त्याच्या नावावर राहतील. फूल या झाडावरून त्या झाडावर गेलं तरी चिठ्ठी सोबत जाईल, हे कापसाच्या अभ्यासकालाही साधलेलं नाही. धास्ती एकच वाटते. एक वर्ष शिकून बाहेर पडलं तर प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका, अशी सोय त्यात आहे. ज्याला खरंच गरज आहे त्याच्यासाठी ती चांगली. पण नाइलाजानं गेलेल्याच्या हातात कागद ठेवून वहीतली गळती शून्य दाखवता येईल, तीही याच सोयीनं. म्हणून सोडून का गेला, हा रकाना क्रमांकाशेजारी हवाच, आणि तो माणसानं विचारून भरलेला हवा.

यंदा पोराचं नाव घालायला कॉलेज बघायला गेलात, तर फाटकावरच्या फलकावर निकालाची टक्केवारी मोठ्या अक्षरात असेल. ती वाचा आणि आत जाऊन एवढंच विचारा, 'तीन वर्षांपूर्वी पहिल्या वर्षाला किती जण होते?' तो आकडा प्रवेशाच्या रजिस्टरमध्ये असतो, आणि रजिस्टर ऑफिसातल्याच कपाटात असतं.