फ्लोरिडात ॲलिगेटर मारायला खरंच मोकळीक आहे का? सोडत, परमिट आणि दोन टॅगची गोष्ट

ऑगस्टचा दुसरा पंधरवडा सुरू झाला की फेसबुक-इन्स्टावर ठरलेले व्हिडिओ फिरायला लागतात. रात्रीची वेळ, लहानशी बोट, डोक्याला टॉर्च आणि बोटीत ओढून घेतलेला दहा फुटी ॲलिगेटर. खाली मराठीतली कमेंटही ठरलेली: 'अमेरिकेत काय, कोणीही उठावं आणि मगर मारावी!'

तसं अजिबात नाही.

फ्लोरिडात ही शिकार १९८८ पासून राज्याच्या वन्यजीव आयोगाच्या देखरेखीखाली चालते. हंगाम १५ ऑगस्ट ते १ नोव्हेंबर. मे महिन्यात अर्ज निघतात आणि मग म्हाडाच्या घरांसारखी चक्क सोडत निघते. साधारण सात हजार परमिटं असतात, अर्ज त्याहून खूप जास्त. वय किमान १८ हवं. नंबर लागला तरी कुठेही जाता येत नाही, कारण परमिटवर ठरावीक तलाव, नदीचा पट्टा किंवा जिल्हा लिहिलेला असतो आणि तारखाही. ते दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. मदतीला नेलेल्या मित्रालाही स्वतःचा वेगळा परवाना लागतो.

एका परमिटवर दोन टॅग, म्हणजे दोनच ॲलिगेटर. परवाना आणि टॅग मिळून स्थानिक रहिवाशाला अनेक वर्षं २७२ डॉलर पडायचे, बाहेरच्याला १,०२२.

व्हिडिओत जी झटापट दिसते, तीही नियमामुळेच. या परमिटवर बंदूक चालत नाही. आधी हार्पून, गळ किंवा दोरी बांधलेल्या बाणाने प्राणी दोरीला अडकवायचा आणि बोटीजवळ आणायचा. मगच 'बँगस्टिक' वापरायची, म्हणजे टोकाला काडतूस बसवलेली, टेकवली की बार उडणारी काठी. दुरून गोळी घातली तर जखमी जनावर पाण्यात बुडून हातचं जातं आणि हिशेबातूनही सुटतं. मारल्यावर लगेच शेपटीच्या टोकाजवळ टॅग ठोकायचा आणि २४ तासांत नोंदीचा फॉर्म भरायचा.

एका टॅगचं एवढं काय?

अमेरिकी ॲलिगेटर १९६७ मध्ये धोक्यातील प्राण्यांच्या यादीत गेला होता. कातड्याच्या पर्सेस, पट्टे आणि बूट यांच्यासाठी त्याची बेसुमार कत्तल झाली होती. शिकार बंद झाली, कातड्याच्या चोरट्या व्यापारावर कायद्याचा बडगा आला आणि १९८७ मध्ये तो पूर्ण सावरल्याचं जाहीर झालं. आज एकट्या फ्लोरिडात सुमारे १३ लाख ॲलिगेटर असल्याचा अंदाज आहे.

तरीही कागदोपत्री त्याला एक अजब संरक्षण आहे: 'दिसायला सारखा' म्हणून! दक्षिण फ्लोरिडात अमेरिकन क्रोकोडाइल हा त्याचा दुर्मीळ नातेवाईकही राहतो. सोललेल्या कातड्यावरून दोघांत गल्लत होऊ शकते. म्हणून कायदेशीर ॲलिगेटर ओळखायला आंतरराष्ट्रीय वन्यजीव व्यापार कराराचा क्रमांकित टॅग. टॅग नसलेलं कातडं बाळगणं हाच गुन्हा.

'शिकारीमुळेच ॲलिगेटर वाचला' हा शिकाऱ्यांचा आवडता दावा. क्रम पाहिला तर आधी बंदी आली, मग संख्या वाढली आणि त्यानंतर मोजूनमापून शिकार सुरू झाली. पण दावा अगदीच पोकळही नाही. जवळच असलेल्या लुइझियाना राज्यात १९६२ मध्ये बंदी आली आणि १९७२ मध्ये मर्यादित हंगाम सुरू झाला. तिथली बरीचशी किनारी दलदल खासगी मालकीची आहे आणि टॅग जमिनीच्या प्रमाणात मिळतात. दलदल राखली तर ॲलिगेटर आणि अंडी यांचे पैसे मिळतात. बुजवली तर नाही. जमीनमालकाला हे गणित लगेच कळतं. फ्लोरिडातली सोडत मात्र मुख्यतः हौसेचा मामला. तिथे हा युक्तिवाद तितका लागू पडत नाही, असं मला वाटतं.

लोकवस्तीत शिरलेल्या ॲलिगेटरचा विषय वेगळा. चार फुटांहून मोठा आणि धोकादायक वाटला तर राज्याने नेमलेला ट्रॅपर येतो. त्याला बहुतेकदा दुसरीकडे सोडत नाहीत, मारतात. कारण सोडलेला ॲलिगेटर जुन्या जागी परतायचा प्रयत्न करतो.

मग सांगली-चिपळूणच्या मगरींचं काय?

कृष्णाकाठी हल्ला झाला किंवा पावसात चिपळूणच्या रस्त्यावर मगर दिसली की 'आपल्याकडेही असे परवाने द्या' ही मागणी येतेच. आपली मगर मुळात ॲलिगेटर नव्हे. भारतातल्या नद्यांत ॲलिगेटर नाहीतच. शिवाय ती वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. हौसेच्या शिकारीला त्यात जागाच नाही. मगर माणसाच्या जिवावर उठली असेल आणि तिला पकडणं, बेशुद्ध करणं किंवा हलवणं शक्य नसेल, तरच राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक मारण्याची परवानगी देऊ शकतात. तीही लेखी आणि कारणं नमूद करून.