अक्षराच्या पोटातली हवा

पुण्याच्या जुन्या बाजारात एका रविवारी छापखान्याचे खिळे विकायला आलेले दिसले. भिंतीत ठोकायचे नव्हेत, शिशाच्या छपाईचे. गोणपाटावर नुसता ढीग पडला होता आणि मी त्यात बोटं घालून एखादा 'ळ' मिळतो का ते बघत होते. घरी येऊन पुडी सोडली, तर सात खिळ्यांपैकी एकाच्या डोक्यावर काहीच नव्हतं. भावंडांपेक्षा जरा बुटका, चारही बाजूंनी गुळगुळीत, हाताला मात्र चांगला जड. आधी वाटलं, मोडका आला. मग उमगलं, ही स्पेस आहे. दोन शब्दांमधली मोकळी जागा माझ्या तळहातावर पडली होती.

जुळारी ओळ जुळवायचा तेव्हा शब्दांइतकीच ही मोकळी जागाही त्याला खिळ्यांच्या केसमधून उचलून, बोटांत धरून, अक्षरांशेजारी बसवावी लागायची. खिळ्याची उंची साधारण २३.३ मिलिमीटर. स्पेस त्याहून बुटकी ओततात, म्हणजे शाईचा रूळ वरून फिरला तरी तिला शिवत नाही. आपण आजीच्या कपाटातलं पिवळं पडलेलं पुस्तक उघडतो तेव्हा त्यात जे कोरं दिसतं, त्या प्रत्येक कोऱ्या ठिकाणी छापताना शिसं बसलेलं होतं. तेव्हापासून मला कोरा कागद कोरा दिसत नाही.

त्याच संध्याकाळी मी सकाळी भाजलेला पाव कापायला घेतला. दातेरी सुरीनं पहिला काप काढला आणि सवयीनं खिडकीशी धरला, जाळी कशी पडलीय ते बघायला. जाळी हा आपल्याकडचा किती नेमका शब्द आहे! घावनाला, आंबोळीला, ढोकळ्याला, अनारशाला जाळी 'पडते'. आई अनारसा तुपात सोडते तो खसखशीची बाजू वर ठेवून, उलटत नाही, आणि पीठ नीट मुरलेलं असेल तर त्या बाजूला भोकाभोकांची नक्षी उमटते. आपण पदार्थाला दाद देतो तीसुद्धा त्यात जे नाही त्याच्यावरून देतो. खिडकीतल्या उजेडात पावाच्या कापाकडे बघताना मेजावरचा तो बिनअक्षराचा खिळा दिसला आणि दोन्ही गोष्टी डोक्यात एकदम जुळल्या.

आधी अक्षराचं बघू. 'व' काढा. त्याच्या पोटात एक पांढरा थेंब अडकलेला असतो. त्या पांढऱ्यातून एक तिरकी रेघ ओढा, 'ब' होतो. वळाचं बळ झालं. 'प'च्या पोटातून तशीच रेघ गेली की 'ष'. आता वर बघा. 'घ' आणि 'ध', 'म' आणि 'भ' या जोड्यांत सगळी गंमत डोक्यापाशी आहे. शिरोरेषेत एक बारीकशी फट आणि तिच्यात वळलेलं चिमुकलं टोक. वर्तमानपत्राच्या छापील अक्षरात ती फट मिलिमीटरभरही नसते. ती बुजली तर भाताची मात होते आणि 'धर' म्हटलेलं 'घर' वाचलं जातं. पहिलीतली मुलं इथेच अडखळतात, आणि खरं सांगायचं तर ती फार महत्त्वाच्या जागी अडखळत असतात. आपले डोळे काळं बघतात असं वाटतं, पण त्या क्षणी निवाडा पांढरं करत असतं.

हे समर्थ रामदासांना किती पक्कं ठाऊक होतं! दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेवर आहे. सतराव्या शतकातला हा माणूस बोरू, शाई, कागद यांबद्दल एखाद्या कारागिरासारखा बोलतो आणि ओळीला ओळ लागू नये, वरच्या ओळीत मात्रा घुसू नये, लांब अक्षर खालच्या ओळीला भिडू नये असं बजावतो. कारण देवनागरी ओळ म्हणजे तीन मजली घर. मधल्या मजल्यावर अक्षर, वर वेलांट्या, मात्रा, रफार, अनुस्वार, खाली उकार. इतक्या बिऱ्हाडांना हवा खेळती हवी, तर मजल्यांची उंची आधी ठरवावी लागते. शिशाच्या काळात काही छापखान्यांत अक्षरांचे वरचे-खालचे भाग वेगळे ओतून जुळारी ते एकमेकांवर रचत. एका 'र्कीं'साठी किती तुकडे लागले असतील, विचार करून बघा.

आता पावाकडे. इतकी वर्षं माझी समजूत होती की पिठातले बुडबुडे यीस्ट तयार करतं. तसं नाही, हे वाचलं त्या दिवशी मी स्वयंपाकघरात अक्षरशः थबकले. यीस्ट साखर खातं आणि कार्बन डायऑक्साइड सोडतं हे खरं, पण तो वायू आधी पिठातल्या पाण्यात विरघळतो आणि मग आधीच असलेल्या हवेच्या कणांत शिरून त्यांना फुगवतो. नवा बुडबुडा सुरू करायला लागणारा जोर त्याच्यात नसतो. म्हणजे पावातल्या प्रत्येक भोकाचं बी आपण पीठ मळताना हातानं पेरलेलं असतं! मळताना दुमडतो, दाबतो, पुन्हा दुमडतो, तेव्हा आत कोंडलेल्या हवेचे बारीक बारीक वाटे पडत जातात. जितके वाटे जास्त, तितकी जाळी बारीक. केकमध्येही तेच. लोणी आणि साखर फेसताना साखरेचे कण लोण्यात हवा कोंबतात, बेकिंग पावडर ती हवा फक्त मोठी करते. फेसायचा कंटाळा केला तर पावडर कितीही घाला, केक दडस तो दडसच.

भट्टीतली गोष्ट तर याहून सुरस. पहिल्या काही मिनिटांत वायू तापून फुगतो, पाण्याची वाफ होते, पाव चढतो. आतलं तापमान ६० अंशांच्या आसपास गेलं की यीस्ट मरतं. मैद्यातलं स्टार्च घट्ट व्हायला लागतं, आणि शेवटी बुडबुड्यांच्या भिंती ताण न सोसून फाटतात. बंद खोल्यांचं घर उघड्या ओसऱ्यांचं होतं. भिंती फाटल्या नसत्या तर गार होताना आतला वायू आकसून पाव बसला असता. फाटल्या म्हणून बाहेरची हवा आत येते आणि पाव उभा राहतो. आणि म्हणूनच मिसळीत बुडवलेला पाव रस्सा शेवटपर्यंत पिऊन घेतो. एक भोक दुसऱ्याला, दुसरं तिसऱ्याला जोडलेलं असतं. मला इथे 'ध'ची फट आठवते. तिथेही सगळं काम त्या उघड्या राहिलेल्या जागेनं केलं.

पाव आणि छपाई आपल्या किनाऱ्यावर एकाच माणसांच्या गलबतांतून उतरली, हे मात्र मला फार उशिरा सुचलं. पाव हा शब्द पोर्तुगिजांचा, गोव्यात सकाळी सायकलवरून पाव आणणारा पोदेरही त्यांच्याच शब्दातून आलेला. इथे यीस्ट कुठून आणणार? मग माडाच्या सुरेनं, म्हणजे माडीनं, पीठ फुगवायचं ठरलं. आणि भारतातला पहिला छापखाना चालू झाला तोही गोव्यातच, १५५६ साली, सेंट पॉल कॉलेजात. गंमत बघा, पावाला इथली सूर मिळाली, पण छपाईला इथली अक्षरं मिळायला काळ जावा लागला. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटानं दहा हजारांहून अधिक ओव्यांचं 'क्रिस्तपुराण' लिहिलं, अस्सल मराठीत. १६१६ साली ते राचोलला छापलं गेलं ते रोमन लिपीत. देवनागरीचे खिळे हाताशी नव्हते. ओवी आपली, भाषा आपली आणि अंगावर परके कपडे. पुढे एकोणिसाव्या शतकात मुंबईत देवनागरी खिळ्यांचं काम खऱ्या अर्थानं बहरलं. जावजी दादाजी चौधरींनी १८६९ साली काढलेल्या निर्णयसागरच्या अक्षरांची वळणं बघितली की बोरूचा तिरका काप शिशात उतरलेला दिसतो, कुठे रेघ जाड होते, कुठे निमुळती, आणि पोटं कशी टपोरी, मोकळी.

पसरणं ही दोन्ही कामांतली समान धास्ती. नानकटाईचे गोळे ट्रेमध्ये दोन-दोन बोटं अंतर सोडून ठेवावे लागतात, कारण मैदा घट्ट व्हायच्या आधी तूप वितळतं आणि गोळा पसरतो. गोळे अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवले तर कमी पसरतात. शाईचंही तसंच. स्वस्त कागदावर ती पसरते आणि जिथे दोन रेघा मिळतात त्या कोपऱ्यात साचते. मॅथ्यू कार्टर या अक्षररचनाकारानं १९७८ साली अमेरिकेतल्या टेलिफोन डिरेक्टरीसाठी 'बेल सेंटेनियल' हा टाइप केला, तेव्हा बारक्या अक्षरांच्या सांध्यांत त्यानं मुद्दाम खाचा ठेवल्या. मोठं करून बघितलं तर अक्षर उंदरानं कुरतडल्यासारखं दिसतं. पण भरधाव यंत्रावर शाई पसरते, त्या खाचा भरून काढते आणि कागदावर उतरतो तो सुबक आकडा. चूक कुठे होणार हे ओळखून तिच्यासाठी आधीच जागा करून ठेवायची! नानकटाईचे गोळे लांब लांब ठेवताना मला दर वेळी या माणसाची आठवण येते.

आणि याच्या अगदी दुसऱ्या टोकाला 'मोदक' आहे. मुंबईच्या 'एक टाइप' या गटानं केलेला देवनागरी टाइप, कुणालाही फुकट वापरता येतो. नावाप्रमाणेच गुबगुबीत. अक्षरं इतकी फुगलेली की पोटातला पांढरा थेंब राहिलेलाच नाही, त्याच्या जागी नखानं ओढल्यासारखी एक वळणदार चीर. मोदकाच्या पारीला कळ्या पाडतो ना, तशी. तरी 'ब' हा 'ब'च वाचला जातो, कारण ती एक चीर अगदी बरोबर जागी ठेवलेली आहे. लिंबाएवढ्या उकडीला बोटांनी चिमटे काढत एकवीस कळ्या पाडणाऱ्या बाईला हे समजावून सांगावं लागणार नाही.

या फेब्रुवारीत आईला पंच्याहत्तर पूर्ण झाली. केक मीच केला. लोणी-साखर चांगली बारा मिनिटं फेसली, वरून पांढरं क्रीम लावलं आणि कोनात चॉकलेट भरून मोठ्या उत्साहानं 'वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा' लिहायला घेतलं. 'च्छा'पाशी सगळं बिनसलं. चॉकलेट पातळ होतं, 'छ'ची गाठ भरून गेली, त्याच्या पोटात काळं डबकं साचलं. वरच्या 'हार्दिक'चा 'र्दि' आधीच वेलांटीत बुडाला होता. सुरीनं सगळं खरवडून काढलं. नवं क्रीम लावलं, चॉकलेट दहा मिनिटं गार होऊ दिलं आणि या वेळी फक्त 'आई' लिहिलं. खाली '७५'. 'ई'च्या वरचा रफार जरा उंच काढला, दोन वळणांच्या मध्ये करंगळीचं टोक मावेल एवढी जागा ठेवली, आणि शिरोरेषा सगळ्यात शेवटी, श्वास रोखून, एका दमात. बाकीचा केक पांढराच राहू दिला.

संध्याकाळी सगळे जमले. आईनं चष्मा लावून केक जवळून बघितला.

"एवढंच लिहिलंस?"

"मावत नव्हतं गं."

"छान दिसतंय की. मोकळं." मग तिनं सुरी घेतली आणि अक्षराला धक्का लागू नये म्हणून कडेनं कापायला सुरुवात केली. पहिला तुकडा हातात आला तसा तो तोंडात न टाकता ती खिडकीकडे वळली, मावळत्या उजेडात धरला आणि म्हणाली, "जाळी बघ काय सुरेख पडलीय."