शिकवलेल्या पेशी

"गाठ कुठेच नाही, मग कर्करोग कसा?" सोलापुरातल्या आमच्या ओळखीच्या एका घरात तरुण मुलाला रक्ताचा कर्करोग निघाला, तेव्हा त्याच्या वडिलांनी मला हा प्रश्न विचारला. पाठोपाठ दुसरा आला, "मुंबईत पेशींचा नवा उपचार निघालाय म्हणतात. तो काय असतो? आपल्याला परवडेल का?" मी डॉक्टर नाही, मिळेल तिथून वाचत आणि जाणकारांना विचारत हा विषय शिकलो. त्यांना जे सांगितले, तेच इथे थोडे विस्ताराने मांडतो.

आपले रक्त हाडांच्या पोकळीतल्या अस्थिमज्जेत तयार होते. रक्तातल्या पांढऱ्या पेशींपैकी बी-पेशी प्रतिपिंडे तयार करतात, तर टी-पेशी विषाणू शिरलेल्या किंवा बिघडलेल्या पेशी हेरून मारतात. एखाद्या बी-पेशीच्या जनुकांत बिघाड झाला, की ती वाढायचे थांबत नाही. अशा कच्च्या पेशींची अस्थिमज्जेत आणि रक्तात गर्दी झाली की तो ल्युकेमिया. रोग लसिका ग्रंथींत वाढला तर लिम्फोमा. त्यात मात्र मानेत, काखेत गाठी दिसू शकतात. ल्युकेमिया रक्ताबरोबर अंगभर फिरत असतो, म्हणून कापून काढावे असे तिथे काही नसते.

मग टी-पेशी या बिघडलेल्या पेशींना का मारत नाहीत? कारण त्या घरच्याच असतात. परका विषाणू चटकन ओळखू येतो. आपल्यातलाच बिघडलेला माणूस ओळखायला वेळ लागतो, तसेच हे.

या अडचणीवरचा तोडगा आपल्या सोलापूरकरांना सहज समजेल, कारण गणवेश शिवणे हा इथला मोठा धंदा आहे. बी-पेशींच्या अंगावर सीडी-१९ नावाचे एक प्रथिन असते. तो त्यांचा गणवेशच म्हणा. रुग्णाच्या रक्तातून टी-पेशी वेगळ्या काढायच्या, निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या मदतीने त्यांच्यात एक नवे जनुक घालायचे आणि हा गणवेश ओळखायला त्यांना शिकवायचे. त्या जनुकामुळे टी-पेशीवर जो नवा ग्राहक उगवतो, त्याला 'कार' म्हणतात. म्हणून हा उपचार 'कार-टी'. शिकवलेल्या पेशी प्रयोगशाळेत काही दिवस वाढवतात, रुग्णाला थोडी केमोथेरपी देऊन शरीरात त्यांच्यासाठी जागा करतात आणि सलाइनसारख्या त्या शिरेतून परत सोडतात.

ही कल्पना १९८०च्या दशकाच्या अखेरीस इस्रायलमधल्या झेलिग एशहार यांनी प्रयोगात उतरवली. २०१२ मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या रुग्णालयात एमिली व्हाइटहेड या सहा वर्षांच्या मुलीला असा उपचार मिळाला आणि ती बरी झाली. २०१७ मध्ये तिथे या उपचाराला मान्यता मिळाली. किंमत होती ४ लाख ७५ हजार डॉलर, म्हणजे आजच्या हिशेबाने चार कोटी रुपयांच्या आसपास.

इतकी किंमत का? गोळ्या एका घाण्यात लाखो निघतात. हा उपचार मात्र मापाच्या कपड्यासारखा. एका रुग्णाच्या पेशी दुसऱ्याला चालत नाहीत. दर वेळी नव्याने काढायच्या, शिकवायच्या, वाढवायच्या, तपासायच्या. म्हणजे किंमत मुख्यतः कौशल्याची आणि निर्जंतुक जागेची. ते कौशल्य आपल्याकडे असेल, तरच उपचार स्वस्त होणार.

शरीराबाहेर पेशी जगवण्याचे हे कौशल्य आपल्याकडे नवे नाही. पुण्यात १९१७ साली जन्मलेल्या कमल रणदिवे यांनी डॉ. वसंत खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली आणि पुढच्या संशोधनासाठी त्या बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज गाय यांच्याकडे गेल्या. शरीराबाहेर अखंड वाढत राहणारी 'हेला' ही पहिली मानवी पेशीमालिका १९५१ मध्ये तयार झाली, ती याच गाय यांच्या प्रयोगशाळेत. रणदिवे तिथे थांबल्या नाहीत. परत येऊन खानोलकरांच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी देशातली पहिली ऊतीसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली. तीच संस्था पुढे टाटा मेमोरियल सेंटरचा भाग झाली आणि आज तिचे काम नवी मुंबईत खारघरच्या 'ॲक्ट्रेक'मध्ये चालते.

त्याच खारघरमध्ये ४ जून २०२१ रोजी देशातला पहिला कार-टी उपचार झाला. पेशी घडवल्या होत्या आयआयटी मुंबईच्या राहुल पुरवार यांच्या गटाने. पुरवार हेही पीएच.डी.नंतर हार्वर्डमध्ये संशोधन करून परतलेले. टाटाचे डॉक्टर आणि आयआयटीतून निघालेली 'इम्युनोॲक्ट' ही कंपनी यांच्या साथीने 'नेक्सकार-१९' तयार झाले. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याला केंद्रीय औषध नियंत्रकांची मान्यता मिळाली. ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपतींच्या हस्ते पवईत लोकार्पण झाले. किंमत सुमारे ३० ते ४० लाख रुपये, म्हणजे अमेरिकेतल्या किमतीच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास.

गुण किती येतो? २०२५ मध्ये 'लॅन्सेट हिमॅटॉलॉजी'त ६४ रुग्णांवरच्या चाचणीचे निष्कर्ष आले. ज्यांच्या परिणामाचे मूल्यमापन करता आले, त्यांपैकी ७३ टक्के रुग्णांत रोग मागे हटला. पण मागे हटणे म्हणजे कायमचे बरे होणे नव्हे. काहींत तो पुन्हा उलटतो. लढाईच्या भरात टी-पेशी जी रसायने सोडतात, त्यांनी जोराचा ताप येतो, रक्तदाब घसरतो. निरोगी बी-पेशींचाही गणवेश तोच, म्हणून त्याही मरतात आणि संसर्गाचा धोका वाढतो. मान्यताही १५ वर्षांवरील, इतर उपचारांना न जुमानणाऱ्या किंवा उलटलेल्या बी-पेशींच्या कर्करोगापुरतीच आहे. पहिला मान आजही केमोथेरपीचाच. लहान मुलांच्या ल्युकेमियात तर तिनेच बहुतेक मुले बरी होतात.

आता परवडण्याचा प्रश्न. तीस लाख हेही विणकराच्या घराला डोंगराएवढेच. शिवाय खारघर सोलापूरपासून चारशे किलोमीटरच्या घरात, आणि तिथवर पोचण्याआधी रोग वेळेत कळायला हवा. इथे आपल्याच जिल्ह्याचा दाखला आहे. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयात १९८७ पासून टाटाच्या मदतीने देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी चालते. रुग्ण दवाखान्यात येईल म्हणून कार्यकर्ते वाट पाहत बसले नाहीत. गावोगाव फिरले, लक्षणे समजावली, संशयितांना तपासणीपर्यंत आणले. त्यामुळे गर्भाशयमुखाचा कर्करोग पूर्वीपेक्षा लवकरच्या टप्प्यावर सापडू लागला.

रक्ताच्या कर्करोगातही हीच पायवाट उपयोगी पडेल. न हटणारा ताप, वाढता फिकेपणा, मार न लागता उठणारे काळेनिळे डाग, हिरड्यांतून रक्त. यांची कारणे बहुधा साधीच असतात, पण रक्ताची साधी तपासणी तालुक्याच्या गावीही होते. ती लांबवू नये.

त्या वडिलांना मी एवढेच सांगितले, की मुलाची केमोथेरपी एकही दिवस चुकवू नका. पेशींचा उपचार लागलाच, तर तो आता आपल्या राज्यात आहे. त्यांनी विचारले, "आणि पैसे?" त्याचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. चार कोटींचे तीस लाख आपल्या संशोधकांनी करून दाखवले; पुढचा उतार सरकारी योजनांनी आणि आपण सगळ्यांनी मिळून करायचा आहे.